वाया घालवलेली एल. एफ. सी.

बँकेतल्या माणसाचे वय वाढदिवसांनी मोजण्याची पद्धत नाही. ते एल. एफ. सी.च्या ब्लॉकांनी मोजतात. बँकेबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, एल. एफ. सी. म्हणजे लीव्ह फेअर कन्सेशन. दर चार वर्षांनी बँक आपल्या नोकराला म्हणते, "जा बाबा, बायकापोरांना घेऊन कुठेतरी लांब जा. भाडे मी देते." या वाक्यातला 'लांब' हा शब्द फार महत्त्वाचा. भाडे बँक देणार म्हटल्यावर जवळपास जाणे हा शुद्ध मूर्खपणा समजला जातो. आमचे हेडकॅशियर गेल्या ब्लॉकला अंदमानला गेले होते. परत आल्यावर सहा महिने ते गिऱ्हाइकाला नोटांच्या बंडलाबरोबर सेल्युलर जेलच्या कोठड्याही मोजून देत होते. दुसरे एक सहकारी काश्मीरला गेले. तिथे बर्फात त्यांना जी सर्दी झाली ती त्यांनी इंदापूरच्या मे महिन्यापर्यंत जिवापाड जपली.

अशा शाखेत मार्च एण्डचा धुरळा खाली बसल्यावर मी एप्रिलमध्ये रजेचा अर्ज टाकला, आणि प्रवासाच्या ठिकाणापुढे लिहिले, 'वेळास, ता. मंडणगड, जि. रत्नागिरी'.

मॅनेजरसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "अहो, हे कसंबसं तीनशे किलोमीटर भरेल. नीट विचार करा. चार वर्षांनी एकदा येते ही." जणू काही मी उपवर मुलगी विहिरीत ढकलायला निघालो होतो.

पण ठिकाण मी निवडलेच नव्हते. चिरंजीव पुण्याला होस्टेलवर गेलेले, आई थोरल्या बहिणीकडे महिनाभर मुक्कामाला. घरात आम्ही दोघेच उरलो होतो. मी उदार अंतःकरणाने सौ.ला विचारले, "या खेपेला कुठं जायचं, तू सांग."

"वेळासला," पोळी लाटता लाटता ती म्हणाली. इतक्या झटकन की उत्तर आधीपासून लाटून ठेवले असावे.

"तिथं काय आहे?"

"कासवं."

"आणखी?"

"समुद्र."

"आणखी?"

"आणखी काही नाही. म्हणूनच."

समुद्राची मागणी जुनीच होती. मी राहतो बारामतीत आणि नोकरी करतो इंदापुरात. भवानीनगर, जंक्शन, निमगाव केतकी अशी रोजची पन्नास किलोमीटर जायची आणि पन्नास यायची वारी. वाटेतल्या जंक्शन गावात आगगाडी येत नाही, तसा आमच्या तालुक्यांत समुद्रही येत नाही. २००३ साली लग्न झाले तेव्हा नव्या नवरीने "मला समुद्र बघायचाय" असा हट्ट धरला. मी तिला भिगवणला नेले. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पुरे झाले, त्यात ११७ टी. एम. सी. पाणी मावते, पळसदेवाचे जुने देऊळ त्याच पाण्यात बुडाले असून उन्हाळ्यात पाणी ओसरले की वर येते, हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात, अशी सगळी माहिती मी कॉमर्सच्या पदवीधराला शोभेल अशा आकडेवारीसह दिली. तिने ऐकून घेतली आणि विचारले, "लाटा कुठायत?"

"लाटा मंजुरीला गेल्यात," मी म्हटले.

आमच्या घराण्यात मी विनोदी म्हणून प्रसिद्ध आहे. बारशापासून बाराव्यापर्यंत कुठेही चार माणसे जमली की "तुझा तो माडाचा किस्सा सांग रे" अशी फर्माईश येतेच. तो किस्सा असा. सौ. डी. एड. झालेली. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी तिला रत्नागिरी जिल्ह्यातून शिक्षणसेवक म्हणून ऑर्डर आली. मानधन महिना तीन हजार. घरात मोठी सभा भरली. वडील, आई, काका, दोन्ही बहिणी, सगळे गंभीर. एवढ्या लांब? एकटी? पावसात? कुणालाच स्पष्ट 'नाही' म्हणवेना. तेव्हा मी म्हणालो, "पाठवायला हरकत नाही, पण कोकणातली पोरं शाळेत नसतात, माडावर असतात. हजेरी घ्यायला बाईंनाच वर चढावं लागेल!"

सभा कोसळली. आई तर इतकी हसली की तिची कवळी बशीत आली. त्या हशात ऑर्डरचा विषय जो संपला तो संपलाच. सौ.ही हसली होती. निदान मला तसे आठवत होते.

तर आम्ही निघालो. बारामतीहून स्वारगेट, स्वारगेटहून श्रीवर्धनची एस. टी., ताम्हिणी घाटात पोटातले सगळे व्यवहार रिव्हर्स एन्ट्रीच्या बेतात, आणि मग रिक्षाने बागमांडला. तिथे सावित्री नदीची खाडी आडवी येते. फेरीबोटीत माणसे, मोटारी, मोटरसायकली आणि एक टेम्पोभर कोंबड्या एकदम चढल्या आणि आम्ही पलीकडे वेशवीला उतरलो. इकडचे श्रीवर्धन हे पेशव्यांचे मूळ गाव आणि पलीकडचे वेळास हे नाना फडणीसांचे. राज्य करणारा खाडीच्या एका तीरावर आणि हिशेब ठेवणारा दुसऱ्या तीरावर, ही व्यवस्था मला फार आवडली. नाना म्हणजे शेवटी आमच्याच खात्यातला माणूस. मी हे सौ.ला सांगितले. ती खाडीकडे बघत होती. "हं," म्हणाली.

वेळासला हॉटेल नाही. गावातली माणसेच आपल्या घरात पाहुण्यांची सोय करतात. शेणाने सारवलेले अंगण, पडवीत झोपाळा, आत एक खोली, दोन गाद्या, एक पंखा आणि विजेच्या मर्जीनुसार त्याचे फिरणे. घरच्या काकांनी स्वागत केले.

"या या. घाटावरची मंडळी ना? बसा. शनिवार-रविवार नाही ते बरं झालं, माणसांची नुसती जत्रा असते हो. आता तुम्ही दोघंच."

"मोबाइलला रेंज कुठं मिळेल?" मी विचारले.

"रेंज ना? ती त्या चढावर आंब्याखाली उभं राहिलं तर मिळते कधीमधी. आंब्याला कैऱ्या आहेत, रेंजचं सांगत नाही."

अंगावरचा सदरा काढावा तशी मी रेंज काढून ठेवली. पाने वाढली होती. तांदळाची भाकरी, कुळथाचे पिठले, ओल्या काजूची शेवटची उसळ, सोलकढी. जेवण झाले. हात धुतले. झोपाळ्यावर बसलो. घड्याळात बघितले तर दुपारचे एक वाजून दहा मिनिटे. आणि अचानक माझ्या लक्षात आले की उद्या सकाळपर्यंत आम्हा दोघांना करण्यासारखे काहीही नाही.

वाचकहो, हा प्रसंग तुमच्यावर आला आहे का? वीस-बावीस वर्षांच्या संसारात नवराबायको एकमेकांशी हजारो वाक्ये बोलतात, पण ती सारी कशाबद्दल तरी असतात. गॅस संपला. चिरंजीवांची फी भरायची. आईची गोळी दिली का? मध्ये गॅस, चिरंजीव आणि आई काढून घ्या, आणि मग बोलून दाखवा. बँकेत लिंक गेली की आम्ही काउंटरवर जसे गिऱ्हाइकाकडे केविलवाणे पाहतो, तसा मी सौ.कडे पाहत होतो. सर्व्हर चालू, दिवे चालू, फक्त लिंक नाही.

"नारळाची झाडं बरीच आहेत," शेवटी मी म्हणालो.

"माड म्हणतात त्याला इथं," ती म्हणाली.

संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो. गावापासून चालत जावे लागते. पुढे आला तो मात्र खराखुरा समुद्र, मंजूर होऊन आलेल्या लाटांसह. भेळवाला नाही, घोडा नाही, फुगे नाहीत. लांबच लांब वाळू आणि एका बाजूला जाळीचे कुंपण. त्या कुंपणात कासवांची अंडी पुरलेली होती. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री येते, वाळूत खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवते आणि पुन्हा वळूनही न बघता समुद्रात निघून जाते. पूर्वी ही अंडी चोरीला जात. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने इथे संरक्षणाचे काम सुरू केले, आणि पुढे गावाने ते आपलेच म्हणून उचलले. आता अंडी उचलून कुंपणात आणतात, प्रत्येक खड्ड्यावर तारीख लिहितात, आणि दीड-दोन महिन्यांनी मुदत भरत आली की वर टोपली पालथी घालतात. मला ही पद्धत फार जवळची वाटली. ठेव, तारीख, मुदतपूर्ती. सगळे मुदत ठेवीसारखे. फरक एवढाच की इथे ठेवणारा पैसे काढायला परत येत नाही.

एका कार्यकर्त्याने एकेक टोपली उचलली. पहिलीखाली काही नाही. दुसरीखाली काही नाही. पाचही टोपल्यांखाली वाळू.

"आज नाही," तो म्हणाला. "त्यांना कुठे ठाऊक तुम्ही रजा काढून आलाय म्हणून?"

दुसऱ्या दिवशी सकाळीही वाळूच. मी आंब्याखाली उभा राहून शाखेचा हालहवाल कळतो का ते पाहत असताना सौ. येऊन म्हणाली, "मी रिक्षा सांगितलीय. जरा फिरून येऊ."

"कुठं?"

"आहे एक गाव. याच तालुक्यात."

तासभर चढउतार झाल्यावर रिक्षा एका वाडीत थांबली. कौलारू छप्पर, दोन खोल्या, पुढे फणसाचे झाड, भिंतीवर पाढे. जिल्हा परिषदेची शाळा. सौ. खाली उतरली आणि पदर सारखा करून पायरीपाशी उभी राहिली. मुलाखतीला आलेली मुलगी उभी राहते तशी.

"हीच," ती म्हणाली. "ऑर्डरवर हेच नाव होतं."

मला ऑर्डर आठवत होती, जिल्हा आठवत होता. तालुका आणि गाव मात्र कधी वाचलेच नव्हते. किश्श्याला त्यांची गरज पडली नव्हती.

उन्हाळ्यामुळे शाळा सकाळची होती. चार इयत्ता, पट नऊ, आणि एक तरुण बाई. बाई बीडकडच्या. आम्ही कुठले ते सांगितल्यावर त्यांचा चेहरा खुलला. "बारामती-इंदापूर? अहो, माझं अर्धं बालपण तुमच्याच फडांत गेलं. आईवडील ऊसतोडीला यायचे. सहा महिने कोपीत, सहा महिने गावात. दरवर्षी दिवाळी झाली की माझी शाळा बुडायची. तुमच्याकडं एक ताई यायच्या कोप्यांवर शिकवायला. त्यांच्यामुळं टिकले."

मग दोघी जे बोलत बसल्या! कोपऱ्यातल्या बाकावर मी गुडघे हनुवटीला लावून बसलो होतो. थोड्या वेळाने बाई म्हणाल्या, "घ्या ना ताई एक तास. पोरांनाही बदल." आणि सौ. फळ्यापाशी गेली.

लग्नाला इतकी वर्षे झाली, पण मी तिला शिकवताना पाहिले नव्हते. चिरंजीवांचा अभ्यास घेताना पाहिले होते, पण ती ओरड निराळी. इथे ती खडू हातात घेऊन नुसती उभी राहिली आणि नऊच्या नऊ डोकी तिच्याकडे वळली. एका खड्ड्यात इतकी अंडी, इतक्या टोपल्या, तर पिल्ले किती? मुले बोटे मोजू लागली. एक चुणचुणीत पोर म्हणाली, "बाई, पण सगळी निघत नाहीत." सौ. म्हणाली, "बरोबर. मग वजाबाकी पण करू." मग तिची नजर माझ्यावर आली. "तो मागच्या बाकावरचा नवीन मुलगा. उभा राहा. एकोणतीस साते किती?"

मी उभा राहिलो. अंगाला दरदरून घाम. आयुष्यभर लोकांचे व्याज मोजले, पण कॉम्प्युटरवर. शेवटी त्या चुणचुणीत पोरीनेच सांगितले, "दोनशे तीन!" वर्ग खो खो हसला. हसणाऱ्यांत सौ. होती, बाई होत्या. हसत नव्हतो तो फक्त मी. ज्याला हसतात त्याला तेव्हा काय वाटते हे मला नव्याने कळत होते.

त्या संध्याकाळी टोपल्यांखाली पुन्हा वाळूच निघाली. आम्ही वाळूत बसलो. बोलायला मला आता विषय होता, पण तोंड उघडेना.

"तेव्हा बोलली का नाहीस?" शेवटी मी विचारले.

"तुम्ही सगळे हसत होतात. हसणाऱ्या माणसांपुढं काय बोलायचं? कुणी रडत असतं तर समजूत तरी घातली असती. ओरडलं असतं तर भांडले असते."

"पण तूही हसलीस ना?"

"हसले. हातात चहाचा ट्रे होता."

एक लाट आली नि गेली.

"म्हणजे तू आली असतीस इथं?"

"काय ठाऊक! पहिला पाऊस बघूनच पळाले असते कदाचित. आईंचं दुखणं निघालं, पोटात बाळ होतं. नसतंच जमलं बहुतेक. पण ते माझं मी ठरवलं असतं हो. तुमच्या किश्श्यानं ठरवलं."

"एवढी वर्षं राग धरलास?"

"धरायला वेळ कुठं होता? तुमचा डबा, आईंचं पथ्य. तुम्हीच सांगता ना, ज्या रकमेचं काय करायचं कळत नाही ती सस्पेन्स खात्याला टाकायची? टाकली."

"आणि आता?"

"बघते. राइट ऑफ करायची की व्याजासकट वसूल करायची." आणि ती हसली. या खेपेला हातात ट्रे नव्हता.

त्या रात्री वीज गेली. आम्ही पडवीत उशिरापर्यंत बोलत बसलो. गॅसबद्दल एक शब्द नाही. सकाळी काकांनी विचारले, "झोप लागली का हो? नाही, कुजबूज चाललेली ऐकली. नवीन जोडपीपण एवढं बोलत नाहीत." सौ.ने आत पळ काढला.

तिसऱ्या दिवशी, निघायच्या आधी, शेवटची फेरी. तिसरी टोपली उचलली आणि वाळू हलली. एक काळे डोके, मग एक वल्ह्यासारखा पाय, मग दुसरे डोके. मोजून सोळा पिल्ले, प्रत्येक तळहातात मावेल एवढे. कार्यकर्त्याने ती पाण्यापासून थोड्या अंतरावर वाळूत सोडली. आम्हाला दोरीच्या मागे थांबवले. हात लावायचा नाही, ज्याने त्याने आपल्या पायांनी जायचे. यांतले मोठे होते ते हजारात एखादे, आणि मादी असली तर पुढे अंडी घालायला याच किनारपट्टीला परत येते, असे त्याने सांगितले. पंधरा पिल्ले समुद्राकडे निघाली. सोळावे मात्र सरळ आमच्याकडे.

"अरे वळवा त्याला!" मी ओरडलो.

"थांबा हो," सौ. म्हणाली. "त्याचं ते बघेल."

ते थांबले. मान वर केली. आमच्याकडे काही घेण्यासारखे नाही असे बहुधा त्याला वाटले असावे. मग सावकाश फिरले आणि समुद्राकडे चालू लागले. दोनदा लाटेने मागे लोटले, तिसऱ्यांदा नेले.

हजारात एखादे पास होते, यावर बँकेच्या प्रमोशनच्या परीक्षेचा एक उत्तम विनोद माझ्या ओठांवर आला होता. मी तो तसाच धरून ठेवला. सौ.ने माझ्याकडे पाहिले. "बोला, आलंय ते. घुसमटाल."

"नंतर," मी म्हटले. तिचे डोळे अजून पाण्यावर होते.

सोमवारी शाखेत हजर झालो. हेडकॅशियरांनी विचारले, "काय, काय बघितलं एवढी एल. एफ. सी. जाळून?"

"कासवं."

"आणखी?"

"बायको," मी म्हणालो.

अख्खी शाखा हसली. मॅनेजरसाहेब केबिनमधून बाहेर आले आणि त्यांनीही पुन्हा सांगायला लावले. माझा इतका यशस्वी विनोद गेल्या दहा वर्षांत झाला नव्हता. मी विनोद केला नव्हता, हे सांगायच्या भानगडीत पडलो नाही. माडाचा किस्सा मात्र त्यानंतर सांगितलेला नाही. जून महिन्यात एका लग्नात फर्माईश झाली तेव्हा घसा बसला म्हणून सांगितले.

परवा दिवाळी झाली. कारखान्यांची धुराडी पेटली, रस्त्याने उसाच्या बैलगाड्या सुरू झाल्या. रात्री भांडी आवरता आवरता सौ. म्हणाली, "भवानीनगरच्या अलीकडं कोप्या पडल्यात. पोरं दिवसभर नुसती फिरतात. कारखान्यात विचारलं मी. बसवून शिकवलं तर चालेल म्हणाले. सोमवारपासून जाणार आहे."

विचारत नव्हती, सांगत होती. उसाच्या मोळीवर चढून हजेरी घेण्याबद्दल काहीतरी माझ्या जिभेवर आलेच. सौ. हातातले पातेले तसेच धरून माझ्याकडे बघत राहिली.

"साडेआठची एस. टी. आहे," मी म्हणालो. "मी तिनंच जातो. तुझी जागा धरून ठेवीन."